व्हॅरेनिक्लिनचे सहा महिने: डबा भरणाऱ्याच्या बाजूने

सिगारेट सुटावी म्हणून डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांत सध्या सगळ्यांत जास्त लागू पडणारी गोळी म्हणजे व्हॅरेनिक्लिन. गोळी घेणारा एक असतो. गोळ्यांचा डबा भरणं, वेळ सांभाळणं आणि कुरकुर ऐकणं घरच्यांच्या वाट्याला येतं. हे लिखाण त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

आधी नेहमीचा प्रश्न निकालात काढू: न सांगता चहातून देता येईल का? नाही, आणि द्यायचीही नाही. या गोळीने काहींना चक्कर येते, झोपाळल्यासारखं होतं. गाडी चालवणाऱ्याला पोटात काय गेलंय ते माहीत असलंच पाहिजे. शिवाय सोडण्याची तारीख त्याने स्वतः ठरवली नसेल तर गोळीचा अर्धा उपयोग वाया जातो. 'नकळत व्यसन सोडवा' छापाच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

निकोटिन मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतं, तिथेच ही गोळी बसते. ती त्या जागेला थोडं चेतवते, म्हणून तलफ मवाळ होते. आणि जागा अडवून ठेवते, म्हणून वर ओढलेल्या सिगारेटची मजा येत नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी 'आज फिकी लागतेय' असं ऐकू आलं की गोळी लागू पडायला लागली समजा. त्यामुळे पहिले सात दिवस सिगारेट चालू राहिली तरी कुणी तोंड वाकडं करायचं नाही. ते वेळापत्रकात धरलेलंच असतं.

मात्रा ठरलेली आहे. पहिले ३ दिवस ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवशी तीच दोन वेळा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅमची दोन वेळा. एकूण १२ आठवडे. म्हणजे लहान गोळ्या ११ आणि मोठ्या १५४. सगळ्याच केमिस्टकडे माल नसतो, तेव्हा पुढची पाकिटं आठवडाभर आधी सांगून ठेवा. सोडण्याची तारीख साधारण आठव्या दिवशी धरतात. एकदम सोडणं जमत नसेल तर चार आठवड्यांत निम्म्यावर, पुढच्या चारांत त्याच्याही निम्म्यावर आणि बाराव्या आठवड्यापर्यंत शून्यावर, असाही मार्ग आहे. त्यात गोळी २४ आठवडे चालते. गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यावरून कळतं. मूत्रपिंड फारच मंदावलं असेल तर मात्रा निम्म्यावर आणावी लागते, आणि मधुमेहाच्या जुन्या पेशंटमध्ये हे हमखास तपासायचं राहून जातं.

आता मळमळ. कोर्स अर्धवट सुटण्याचं हे मोठं कारण, आणि बऱ्याचदा टाळता येण्यासारखं. दहातल्या तिघांना ती होते. आपल्याकडे सकाळचा क्रम असतो चहा, दोन बिस्किटं, गोळी, आणि मग नाश्ता 'नंतर बघू'. अशाने तासाभरात पोट ढवळतंच. चहा-खारी हे खाणं धरायचं नाही. बशीभर पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी पोटात गेली, की मग गोळी आणि वर पेलाभर पाणी. पेलाभर म्हणजे पेलाभर, घोटभर नाही. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते. निर्जळी उपवास मात्र कोर्स संपेपर्यंत बाजूला ठेवा. इतकं करूनही मळमळ आठवडाभर टिकली तर डॉक्टर मात्रा उतरवून देतात. निम्म्या मात्रेनेही बऱ्याच जणांचं काम होतं, तेव्हा ते न विचारता गोळीच बंद करणं हा शुद्ध तोटा.

दुसरी तक्रार स्वप्नांची. ती रंगीत, लांबलचक आणि कधी कधी भलतीच खरी वाटणारी पडतात. रात्री दहाला जेवून अकराला झोपणाऱ्या घरात संध्याकाळची गोळी उशिरा जाते आणि हे वाढतं. ती सात वाजता, काहीतरी भरीव खाऊन दिली की फरक पडतो. गोळी शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे दोन गोळ्यांत बरोबर बारा तास हवेत असं काही नाही. एखादी विसरली तर विसरली. पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत. बद्धकोष्ठ झाल्यास इसबगोल आणि पाणी.

झोपेचं खापर सगळंच गोळीवर फोडू नका. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर निकामी करत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा दुपटीने चढतो. सहा कप घेणाऱ्याला हात थरथरणं, छातीत धडधड आणि रात्रभर टक्क जाग, हे सगळं चहाचंही असू शकतं. सोडण्याच्या तारखेपासून कप निम्मे करा. याच कारणाने दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी ओलान्झापिन, क्लोझापिन चालू असेल तर ती औषधं अंगात साचायला लागतात. त्या डॉक्टरांनाही तारीख आधी कळवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासावी.

मनावर काय परिणाम होतो याची भीती जुनी आहे. २०१६ साली 'द लॅन्सेट'मध्ये ८,१४४ लोकांवरची चाचणी छापून आली, त्यांत निम्मे आधी मानसिक आजार झालेले होते. गोळीमुळे गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं त्यात दिसलं नाही, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने वेष्टनावरची चौकटीतली ताकीद काढली. तरीही माणूस एकदम वेगळाच वागायला लागला, जीव नकोसा झाल्यासारखं बोलला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. चिडचिड मात्र सिगारेट सोडल्याचीही असते. दारू जपूनच: या गोळीवर काहींना थोडीशीही जास्त चढते, भांडणं होतात आणि सकाळी काही आठवत नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर आधीच सांगा. तिथे ब्युप्रोपिऑन ही सिगारेट सोडवण्याची दुसरी गोळी तर देतच नाहीत.

किती आशा ठेवायची? त्याच चाचणीत नवव्या ते बाराव्या आठवड्यात पूर्ण सुटलेले व्हॅरेनिक्लिनवर ३३.५ टक्के होते, निकोटिनच्या पट्टीवर २३.४, ब्युप्रोपिऑनवर २२.६ आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर १२.५. म्हणजे सगळ्यांत चांगल्या गोळीवरही तिघांतले दोघे पहिल्या फेरीत राहतात.

जे राहतात त्यांची एक ठरलेली जागा आहे: चौथा-पाचवा आठवडा. सिगारेट सुटलेली, तलफ नाही, मग 'आता कशाला गोळी' म्हणून पाकीट कपाटात जातं. पंधरा दिवसांत एखाद्या लग्नाच्या मांडवामागे पहिली पेटते. बारा आठवडे पुरे करा. बाराव्या आठवड्याला माणूस कोरा असेल तर डॉक्टर आणखी १२ आठवडे लिहून देऊ शकतात, आणि पूर्वी एकदा सोडून पुन्हा धरलेल्यांसाठी ते फायद्याचंच. मधे एखादी ओढली गेली तर गोळी चालूच ठेवायची. घरात पंचनामा नको. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता एवढंच विचारून लिहून ठेवा. यादीत तीच टपरी तीनदा दिसली की रस्ता बदलता येतो.

एक फसवणूक मात्र घरच्यांच्या डोळ्यांदेखत होते. सिगारेट बंद आणि सकाळी मिश्री, नाहीतर खिशात माव्याची पुडी. धूर गेला, तंबाखू राहिली. तोंडाचा वास आणि पिचकारीच्या खुणा बघा, आणि आढळलं तर डॉक्टरांना तसंच सांगा. बोलायला कुणी हवं असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी फुकट क्रमांकावर समुपदेशक भेटतात. सिगारेटच्या पाकिटावर तो छापलेलाच असतो.

कोर्स संपताना गोळी एकदम बंद केली तरी चालते. काहींना मात्र शेवटच्या दिवसांत चिडचिड आणि तलफ पुन्हा जाणवते. अशांना डॉक्टर शेवटी काही दिवस एकेक गोळी देऊन मग थांबवतात. त्या पंधरवड्यात लग्नकार्य, लांबचा प्रवास किंवा रात्रपाळी येत नाही ना, हे कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा.