लसूणघास आरएल 88: पेडण्यातील मोरड जमिनीवरचे दहा महिने

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्यातील पेडणे तालुक्यातील आमच्या मोरड, म्हणजे उंचावरच्या, जमिनीत, पाच गुंठ्यांवर, मी लसूणघास या चारापिकाची आरएल 88 ही जात पेरली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही बहुवर्षायू जात घाटावर काही वर्षे टिकते. आमच्याकडे ती पहिल्याच पावसाळ्यात जवळजवळ संपली. तरीही येत्या नोव्हेंबरात मी तीच पेरणार आहे.

लसूणघासाच्या काही जाती दिवस लहान होऊन गारवा पडू लागला की वाढ आखडून घेतात, आणि बर्फाळ प्रदेशात त्यामुळेच त्यांचा बुंधा वाचतो. हा गुण शरद ऋतूतील कापणीनंतर फुटवा किती उंच येतो यावरून 1 ते 11 अंकांत मोजतात; फुटवा जितका उंच, तितका अंक मोठा. 9 या अंकाचे प्रमाण म्हणून कॅलिफोर्नियातील सीयूएफ 101 ही जात धरली जाते. आपल्याकडील जाती थंडीतही वाढत राहणाऱ्या गटातल्या असल्याने, पहिली कापणी 57 व्या दिवशी केल्यावर ऐन जानेवारीतही आमचा घास थांबला नाही. मे अखेरपर्यंत सहा कापण्या झाल्या. त्यांतली चौथी सर्वांत भारी, साधारण साडेचारशे किलोंची होती.

जांभ्या मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच अंक) 5.4 आला होता आणि या पिकाला तो 6.5 ते 7.5 लागतो. म्हणून पेरणीआधी चुना घातला. दोन वाफे मात्र हट्टाने तसेच ठेवले. बियाण्याला जिवाणू खत सगळीकडे सारखेच चोळले होते, पण बिनचुन्याच्या वाफ्यांतली रोपे पिवळट राहिली. त्यांच्या मुळांवरच्या थोड्या गाठी फोडल्या तर आत पांढऱ्याच निघाल्या, तर चुन्याच्या वाफ्यांत त्या आतून गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र धरणाऱ्या, होत्या. बियाण्यात अमरवेलीचे बी मिसळलेले आले, ही तक्रार दुकानाकडे केली; उत्तर आले नाही. पिवळे धागे दिसताच तेवढा तुकडा उपटून जाळला. दवात भिजलेला कोवळा घास एका गाईला नुसताच घातल्याने तिचे पोट फुगले, तेव्हापासून आधी सुका पेंढा देतो.

जून-जुलैत पाणी साचलेल्या वाफ्यांत मुळे तपकिरी होऊन कुजली. थंडीत न थांबण्याचा आणि पावसात तग धरण्याचा काही संबंध नाही, हे मला आधी कळायला हवे होते. सर्वांत उंच वाफ्यातली अकरा झाडे मात्र आज, सप्टेंबरात, हिरवी आहेत.

एकाच पिशवीतले बी असून असे का व्हावे, याचे उत्तर या पिकाच्या पैदाशीत आहे. प्रत्येक गुणसूत्र चारदा असलेले हे परपरागी, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणारे, पीक आहे, त्यामुळे लसूणघासाची जात म्हणजे एकसारखी रोपे नव्हेत. अनेक निवडक झाडांचा आपापसांत संकर होऊ देऊन तयार केलेला तो एक समूह असतो. मार्चमध्ये एका जांभळ्या फुलाची खालची पाकळी काडीने दाबली, तेव्हा आतला परागस्तंभ टचकन उसळून वर आपटला. हे काम शेतात मधमाशी करते, आणि ती आली नाही तर बी फारसे धरत नाही. रोग-किडीतून वाचलेली झाडे निवडायची, त्यांचा पुन्हा आपापसांत संकर करायचा, अशा फेऱ्यांनीच मावा सोसणाऱ्या जाती तयार झाल्या.

या हिशेबाने माझी अकरा झाडे मोलाची आहेत, पण फार थोडी आहेत. एवढ्याच झाडांत परागीभवन होत राहिले तर जवळच्या नात्यातल्या संकरामुळे पुढची पिढी खुरटते. म्हणून ती उपटणार नाही. त्यांच्या भोवतीच नवे बी पेरीन, यंदा वाफे एक वीत अधिक उंच करीन, आणि बी धरावे म्हणून मार्चनंतर त्या वाफ्याला विळा लावणार नाही.