सिअर्सचं कॅटलॉगवालं घर, चार वर्षं राहून लिहितेय

आम्ही शिकागोजवळ एल्जिनला घर घेतलं तेव्हा एजंट एवढंच म्हणाला की जुनं आहे, १९२६ चं. ते सिअर्स या अमेरिकन कंपनीकडून पोस्टाने ऑर्डर देऊन मागवलेलं घर आहे हे कळलं बाबांमुळे. बाबांनी नाशिकला आयुष्यभर सुतारकाम केलंय, इथे आले की बेसमेंटमध्ये टॉर्च घेऊन तुळया बघत बसायचे, एक दिवस खालून हाक मारली, अगं ये लवकर, इथे शिक्का आहे. बघते तर तुळईच्या टोकाला शाईने एक अक्षर आणि पुढे तीन आकडे.

मग मी वाचतच सुटले. सिअर्सने १९०८ मध्ये घरांचा कॅटलॉग काढला आणि १९४० पर्यंत अंदाजे ७० ते ७५ हजार घरं विकली. आमचं घर आलं त्या काळात लाकूड कारखान्यातच मापात कापून, नंबर टाकून रेल्वेच्या वाघिणीतून गावच्या स्टेशनावर यायचं, एका घराचे साधारण ३० हजार नग, खिळे आणि रंगसुद्धा त्यातच, आणि सोबत एक पुस्तक की कुठला नंबर कुठे बसवायचा. विटा-सिमेंट तेवढं गावातच घ्यायचं. १९११ पासून कंपनी कर्जही द्यायला लागली, पण १९३० नंतरच्या मंदीत हप्ते थकले आणि स्वतःच्याच गिऱ्हाइकांची घरं जप्त करायची वेळ आली. हे वाचून खरंच पोटात तुटलं, आपल्या हाताने एकेक फळी ठोकलेलं घर सोडून जायचं म्हणजे काय.

आता माल कसा आहे ते सांगते. लाकूड अप्रतिम! बाबांनी अख्ख्या तुळईवरून हात फिरवला, गाठ शोधत होते, हातभर अंतरात एक सापडेना. मिशिगनमधली अलॅडिन कंपनी पण अशीच घरं विकायची, त्यांची तर जाहिरातच होती की लाकडात गाठ दाखवा, प्रत्येक गाठीचा एक डॉलर घ्या. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, एवढी छातीठोक बोली लावायला माल तसा लागतो. शंभर वर्षं होत आली, ओकची जमीन कुठे करकरत नाही, जिना घट्ट आहे.

त्रास आहेच. कपाटं अगदी चिमुकली, आणि भिंतीत इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारा थर, नव्हतं, पहिल्या हिवाळ्यात हीटिंगचं बिल बघून धसका बसला, ते काम लगेच करून घ्या. तरी माझे पाचपैकी साडेचार स्टार.

विक्रीचे जुने कागद कंपनीने नंतर नष्ट केले त्यामुळे शिक्का सापडणं हा मोठा पुरावा. एल्जिनमध्ये अशी २०० च्या वर घरं ओळखली गेलीत. जुनं घर बघायला गेलात तर किचन नंतर बघा, आधी टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये जा, तुळयांची टोकं आणि जिन्याखालची बाजू नीट बघा, आणि सापडला शिक्का तर त्यावर रंग मारू नका प्लीज.