म्हापशाच्या बाजारातलं काजू बटर: ग्रेव्हीसाठी घेत असाल तर नक्की वाचा

म्हापशाच्या बाजारात डिचोलीकडच्या एका छोट्या युनिटचं काजू बटर मिळतं. काचेची 200 ग्रॅमची बरणी, लेबलवर घटक एकच, भाजलेले काजू. साखर नाही, पाम तेल नाही, मीठसुद्धा नाही. मी हे पोईला (गोव्याचा पाव) लावून खायला घेत नाही, फक्त ग्रेव्हीसाठी घेते आणि त्याच हिशोबाने लिहितेय, कारण गोळे झाले, तेल सुटलं, रस्सा लापशीसारखा झाला अशा तक्रारी ऐकते त्यात दोष बहुतेक वेळा बरणीचा नसतो, घालायच्या पद्धतीचा असतो.

बरणी उघडली की वर तेलाचा थर दिसेल, तो दिसायलाच हवा. काजूत साधारण 45 टक्के फॅट असतं, दळलं की ते मोकळं होऊन वर येतं. थर अजिबात नाही आणि बाहेर ठेवून पण बटर तसंच घट्ट, असं असेल तर लेबल नीट वाचा, पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट सापडेल. तशी एक दुसरी बरणी पण वापरून बघितली, त्यात साखर इतकी होती की टोमॅटोच्या रश्श्यात पण गोडी लपेना. ह्याच्यात तो प्रकार नाही. फक्त वरचं तेल ओतून टाकू नका, खालचं कोरडं पडतं मग. आदल्या रात्री बरणी उलटी ठेवायची आणि सकाळी सुरीने तळापासून ढवळायचं.

आता दाटपणाचं. काजूत बदाम आणि शेंगदाण्यापेक्षा स्टार्च बराच जास्त असतो, म्हणून काजू घातलेला रस्सा तापला की दाटतो आणि ताटात येईपर्यंत अजून दाटतो. गॅसवर असताना हवा तेवढा दाट दिसला म्हणजे वाढताना तो जास्तच झालेला असणार. म्हणून थोडा पातळ असतानाच बंद करा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मग ठरवा. पीनट बटरने पण दाटपणा येतो पण त्याची चव सगळ्यावर बसते, बदामाचं मला रवाळ लागतं. मखनीसारख्या मऊ ग्रेव्हीला काजूच.

आणि चमचा सरळ कढईत घालू नका! वाटीत काढून कोमट पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. पहिल्या चमचाभर पाण्याने ते पातळ व्हायच्या ऐवजी एकदम घट्ट होतं आणि इथेच बरेच जण बिघडलं म्हणून सोडून देतात, पण ते बिघडलेलं नसतं, थोड्या पाण्याने बारीक कण एकमेकांना धरून बसतात, अजून पाणी मिळालं की सुटतात आणि सगळं पांढरट, पळीने ओतता येईल असं होतं. मग रश्श्यात घाला, मंद आचेवर, खाली लागू न देता. चार माणसांच्या पनीर मखनीला दोन मोठे चमचे पुरतात.

साध्या, म्हणजे दुधाच्या बटरचं काम वेगळं. त्यात किमान 80 टक्के फॅट, बाकी मुख्यतः पाणी आणि मीठ, स्टार्च काहीच नाही. फोडणीला घातलं तर चव येते, दाटपणा येत नाही. त्यासाठी फ्रिजमधलं गार बटर तुकडे करून गॅस बंद केल्यावर घालायचं आणि कढई हलवत राहायचं, रस्सा चकचकीत आणि अंगाला दाट होतो. रटरट उकळत्या रश्श्यात घातलं तर फॅट वेगळं होऊन वर नुसता तवंग. काजू आधी, बटर सगळ्यात शेवटी, आणि बटर खारं असेल तर मीठ त्याच्यानंतर चाखून.

शागुती आणि टोणक ह्या गोव्याच्या खोबऱ्याच्या रश्श्यांत मात्र काजू बटर घालू नका. भाजलेलं खोबरं वाटून घातल्यावर दाटपणा आधीच असतो, त्यात काजू बटर गेलं की रस्सा जड होतो आणि मसाला दबतो, माझं हे मत पक्कं आहे.

नावडलेली गोष्ट एकच पण मोठी. बरणीवर गोव्याचा काजू असं ठळक लिहिलंय, पण 2023 मधे गोव्याच्या काजूला जीआय (त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख) मिळालं त्याची काहीच खूण नाही, आणि काजू नक्की कुठला विचारलं तर दुकानात नीट उत्तर मिळत नाही. इथल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेला कच्चा काजू पण फोडला जातो, त्यात वाईट काही नाही, पण मग तसं लिहा ना. पीनट बटरच्या दुपटीहून जास्त पैसे देतो आम्ही.

चवीला आणि दळणीला पाचपैकी साडेचार, लेबलला दोन. पावसात घेणार असाल तर पॅकिंगची तारीख बघा, जुनी बरणी खवट निघते, आणि ओला चमचा आत घालू नका.