अकरा महिने फुगवायची कयाक: परवाना परवडला, वाळवण परवडले नाही

गेल्या शनिवारी कयाक, म्हणजे आमची हवा भरायची वल्ह्याची होडी, नऊ दिवसांनी पिशवीतून बाहेर काढली आणि तळाची फुगवायची गादी सोडवून ओढली, तेव्हा तिच्याखालच्या कापडी खणात चमचाभर पाणी आणि त्या पाण्यात एक हिरवेगार पान सापडले. पान गोलसर होते, कडा कातरलेल्या होत्या आणि एका बाजूने देठापर्यंत चीर गेलेली होती. इंग्लंडमधल्या नद्यांना ग्रासणारी तरंगती पेनीवर्ट ही पाणवनस्पती ती हीच. पुण्या-पिंपरीच्या लोकांना सांगायचे तर ही इंग्लंडची जलपर्णीच म्हणा. उन्हाळ्यात ती दिवसाला वीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते आणि तुटलेल्या एका तुकड्यापासून नवे रोप धरते. मी कयाक बाहेरून पुसली होती, दोन तास न्हाणीघरात उभी करून ठेवली होती आणि ती वाळली असे समजून घडी घातली होती. त्या पानाने माझी समजूत खोटी ठरवली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये टेम्स नदीकाठच्या रेडिंगला दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाग नाही, गॅरेज नाही, त्यामुळे कडक प्लास्टिकची कयाक घेण्याचा प्रश्नच नव्हता. गेल्या नोव्हेंबरात हंगाम संपल्यावर किमती उतरल्या, तेव्हा दोघांची फुगवायची कयाक 260 पौंडांना घेतली. वजन, लांबी, हवेचा दाब हे तपशील कुठल्याही जाहिरातीत सापडतात, ते इथे देत नाही. काटकसर म्हणून हिवाळ्यात खरेदी केली, हा निर्णय मला तेव्हा शहाणपणाचा वाटला होता. आज तो तसा वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

आधी परवान्याविषयी, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. भारतातून आलेल्या माणसाला वाटते की नदी सर्वांची असते. इंग्लंडमध्ये तसे नाही. नदीकाठची जमीन ज्याची, तिच्यालगतच्या पात्राचा तळही सामान्यतः मध्यापर्यंत त्याचाच मानला जातो, आणि मासेमारीचा हक्क तर वेगळा विकलाही जातो. इंग्लंड आणि वेल्समधल्या नद्यांपैकी जेमतेम 4 टक्के लांबीवर नौकानयनाचा निर्विवाद सार्वजनिक हक्क आहे. 2000 सालच्या कायद्याने डोंगरमाळांवर पायी फिरण्याचा हक्क दिला, पण भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यावर होडी नेणे त्यातून स्पष्टपणे वगळले. जुना सार्वजनिक हक्क सर्व नद्यांवर अजूनही शाबूत आहे असे मानणारे अभ्यासक आहेत, परंतु काठावर उभ्या असलेल्या जमीनमालकासमोर तो वाद घालण्याची माझी तयारी नाही.

टेम्स त्या 4 टक्क्यांत येते, हे रेडिंगकरांचे भाग्य. मात्र हक्क आहे म्हणजे परवाना लागत नाही, असे नाही. क्रिकलेडपासून टेडिंग्टनपर्यंतची टेम्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या अखत्यारीत आहे आणि तिथे वल्ह्याने चालणाऱ्या लहान होडीचीही नोंदणी लागते. रेडिंगमध्ये टेम्सला मिळणाऱ्या केनेटचा शेवटचा मैलभर भागही याच संस्थेकडे आहे. त्याच्या वर गेलात की केनेट-एव्हन कालवा सुरू होतो, आणि तो 2012 साली स्थापन झालेल्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचा आहे. म्हणजे एका दुपारी, एकाच पाण्यावर, वल्हे न थांबवता तुम्ही एका परवान्याच्या हद्दीतून दुसऱ्या परवान्याच्या हद्दीत जाता, आणि ते सांगणारी रेषा पाण्यावर कुठेही आखलेली नाही.

सुरुवातीला माझा आग्रह होता की फक्त टेम्सचा परवाना घ्यायचा. वल्हवणाऱ्यांच्या पॅडल यूके या संस्थेचे (2024 पर्यंत तिचे नाव ब्रिटिश कनूइंग होते) वार्षिक सभासदत्व साधारण 50 पौंडांचे आहे. ज्या क्लबमध्ये आपण जाणार नाही आणि ज्या स्पर्धांत आपण उतरणार नाही, त्यासाठी पैसे का द्यायचे, असे मला वाटत होते. नवऱ्याशी यावरून आठवडाभर चर्चा झाली. शेवटी एप्रिलमध्ये कागद-पेन घेऊन बसले तेव्हा दिसले की या सभासदत्वातच टेम्स, केनेट-एव्हन कालवा आणि एकंदर सुमारे 4,500 किलोमीटर जलमार्गांचा परवाना येतो, शिवाय आपल्यामुळे दुसऱ्या कुणाचे नुकसान झाल्यास एक कोटी पौंडांपर्यंतचा विमा येतो. मी माझे मत तिथेच बदलले. उन्हाळ्यात आम्ही सतरा वेळा पाण्यात उतरलो, म्हणजे एका खेपेला माणशी परवान्याचा खर्च तीन पौंडांच्या आत पडला. एवढ्यात दोघांचे रेल्वेचे तिकीटही येत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: सभासदत्व माणसाच्या नावावर असते, होडीच्या नाही. त्यामुळे तुमची कयाक मित्राला दिली तर तुमचे कार्ड त्याच्या कामाचे नाही. कार्ड पाण्यातही जवळ ठेवावे. कॅव्हरशमच्या लॉकवर (लॉक म्हणजे होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजे) एकदा आम्हाला ते विचारले गेले आणि दाखवल्यावर अतिशय अगत्याने वागवले गेले.

परवाना हातात आला तरी नदी आपली वाट पाहत बसत नाही. टेम्सच्या लॉकवर पाट्या लावतात. लाल पाटी म्हणजे प्रवाह जोरदार, कुणीही होडी काढू नये. पिवळी पाटी म्हणजे प्रवाह वाढतो आहे किंवा ओसरतो आहे. दोन्ही वेळी वल्ह्याच्या होड्यांनी पाण्यात उतरू नये असा सल्ला असतो. त्या हिवाळ्यात मी दर शुक्रवारी एजन्सीच्या संकेतस्थळावर या पाट्या पाहत होते आणि दर शुक्रवारी लाल रंग दिसत होता. परिणामी नोव्हेंबरात घेतलेली कयाक पहिल्यांदा पाण्याला लागली ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात.

आणि मे महिन्याच्या पहिल्या सुट्टीला, चौथ्याच खेपेत, तळाच्या गादीची शिवण उसवली. आम्ही काठापासून फार दूर नव्हतो आणि बाजूच्या दोन्ही नळ्या शाबूत होत्या, म्हणून धोका झाला नाही, पण माझी बारा वर्षांची मुलगी घाबरली. विक्रेत्याला कळवले तर उत्तर आले की माल घेऊन पाच महिने उलटले आहेत, जास्त हवा भरल्यामुळे हे झाले असावे. इथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या तीस दिवसांत सदोष माल परत करून पूर्ण पैसे मागता येतात. माझे ते तीस दिवस कयाक कपाटात असताना संपले होते, आणि हंगामाबाहेर स्वस्तात घेण्याची खरी किंमत तेव्हा कळली. पण त्याच कायद्यात असेही आहे की सहा महिन्यांच्या आत दोष निघाला तर तो मुळातच होता असे धरले जाते, आणि तसा नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. सहा महिने पूर्ण व्हायला पंधरा दिवस उरले होते. मी दाबमापकाचा फोटो, बिल आणि कायद्याचे ते कलम जोडून पत्र पाठवले. तीन पत्रांनंतर नवी गादी आली. कयाक हिवाळ्यात घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की घरी आल्या आल्या ती दिवाणखान्यात पूर्ण फुगवून एक रात्र तशीच ठेवा, आणि हवा उतरते का ते सकाळी पाहा.

नवी गादी आल्यानंतरचे दोन महिने या होडीने आम्हाला जे दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. आमची सर्वांत आवडती वाट पँगबोर्न ते रेडिंग. सकाळी कयाक पाठीवर घेऊन रेल्वेने पँगबोर्नला जायचे, स्टेशनवरून चालत कुरणावर पोहोचायचे, तिथे फुगवायची आणि प्रवाहाबरोबर साधारण अकरा किलोमीटर खाली यायचे. रिकामी पिशवी होडीतच असते, त्यामुळे मोटार परत आणण्याचा प्रश्न उरत नाही. कडक कयाक असलेल्यांना हे सुख नाही. वाटेत मेपलडरमचे लॉक लागते. तिथे अजून चालणारी जुनी पाणचक्की आहे आणि तिच्याजवळ बंधारा आहे. बंधाऱ्याकडे जाणारे पाणी वरून शांत दिसते, म्हणूनच तिथे जपावे. लॉककडे नेणारी पाटी दिसताच त्या बाजूचा काठ धरावा. छोट्या खेपेसाठी कॅव्हरशम ते सॉनिंग हे चारेक किलोमीटरचे अंतर चांगले आहे, आणि सॉनिंगचा विटांचा जुना पूल खालून पाहण्यासारखा आहे.

नकाशावर पाणी दिसले म्हणून मात्र उतरू नये. जूनच्या अखेरीस आम्ही टेम्सला मिळणाऱ्या एका लहान नदीत शिरलो. पाचशे मीटरांवर गळ टाकून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी शांतपणे सांगितले की या पाण्यावर होडीला परवानगी नाही आणि ते स्वतः इथल्या मासेमारीसाठी वर्षाला पैसे भरतात. 15 मार्च ते 15 जून नदीवरची बहुतेक मासेमारी बंद असते, त्यामुळे हे त्यांचे हंगामातले पहिलेच दिवस होते. आम्ही क्षमा मागून वळलो. माझे सभासदत्व तिथे काहीच कामाचे नव्हते, कारण ते ठरावीक जलमार्गांपुरते असते. कोणते पाणी त्यात येते याची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. ती घरी वाचावी, काठावर नाही.

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडला गेलो तेव्हा हा सगळा हिशेबच बदलला. तिथे 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, नद्या आणि सरोवरांवर वल्हवण्याचाही हक्क दिला आहे. लॉख लोमंड या सरोवरावर मोटार असलेल्या होडीची नोंदणी लागते, वल्ह्याच्या होडीची लागत नाही. काठावर उभी राहून मी दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण चार महिन्यांत मला कागद दाखवण्याची सवय लागली होती. तिकडे निघण्यापूर्वी मात्र कयाक तीन दिवस वाळवली होती, आणि इथूनच माझी मूळ तक्रार सुरू होते.

ही कयाक वाळत नाही. बाजूच्या नळ्या आणि तळाची गादी कापडी आवरणात बसवलेली आहे, आणि गादीखालच्या खणात शिरलेले पाणी बाहेर पडायला एकच भोक आहे, तेही मागच्या टोकाला. होडी उलटी केली तरी पाणी कडेच्या शिवणीत अडकते. बाहेरचे कापड तासाभरात कोरडे लागते आणि माणूस फसतो. आमच्या इमारतीच्या नियमांप्रमाणे गॅलरीत काही वाळत घालता येत नाही, आणि ऑक्टोबरात इथे घातले तरी वाळणार नाही. उन्हाळी वाळवणासाठी लागणारे ऊन इथे मिळत नाही. हे केवळ कुबट वासापुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. पण इथे जलमार्ग वापरणाऱ्या प्रत्येकाला तपासा, धुवा, वाळवा हा नियम सांगितला जातो, आणि त्यातला तिसरा शब्द या होडीला पाळता येत नाही. 2010 साली ग्रॅफम जलाशयात सापडलेली परकी किलर कोळंबी ओलसर कपड्याच्या घडीत पंधरा दिवसांपर्यंत जगू शकते. माझ्या खणातले पान नऊ दिवस जगले होते. त्या नऊ दिवसांत आम्ही दुसऱ्या एखाद्या पाण्यावर गेलो असतो तर ते पान मी तिथे स्वतःच्या हाताने नेऊन सोडले असते.

पिंपरीला भावाशी फोनवर हे बोलले तेव्हा तो म्हणाला, “ताई, पवनेवर जलपर्णी पसरली की पाणीच दिसत नाही, हिरवे मैदान वाटते. तुमच्याकडे अजून पाणी दिसतंय, तोवर जपा.” त्याचे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आर्द्रता शोषणारे यंत्र घेतले, 130 पौंडांना. म्हणजे कयाकच्या किमतीच्या निम्मे. विजेचा खर्च वेगळा. त्यामुळे स्वस्त कयाक हा हिशेब आता राहिलेला नाही, आणि हे मला खरेदीच्या वेळी कुणीही सांगितले नव्हते. पुन्हा घ्यायची झाली तर कापडी आवरण नसलेली, आतून एका हाताने पुसता येईल अशी, शंभरेक पौंड जास्त पडले तरी चालेल, अशी घेईन. सभासदत्वाचे एप्रिलमध्ये नूतनीकरण करणार आहे. त्याबद्दल मनात शंका नाही.

सध्या असे करते. पाण्यातून बाहेर आल्यावर काठावरच गादी सोडवून काढते, आवरण उलटे करून रिकामे करते, शिवणीत जुना पंचा फिरवते आणि निघालेली प्रत्येक काडी व पान त्याच काठावर, पाण्यापासून दूर ठेवते. याला पंचवीस मिनिटे लागतात आणि एक गाडी चुकते. घरी आल्यावर न्हाणीघराचे दार बंद करून यंत्र रात्रभर चालू ठेवते, आणि सकाळी खणात कोरडा टिश्यू घालून पाहते. तो ओला निघाला तर त्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या पाण्यावर जात नाही.