दोन रविवारांची वृत्त-छंद कार्यशाळा: पैसे वसूल, पण कवितेची प्रत घरून न्या

बावीस वर्षं मी मराठी शिकवते. नवकविता म्हणजे वृत्त झुगारलेली कविता, असं मुलांना सांगत आले. पुण्यात एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या या कार्यशाळेने पहिल्याच तासात मला ते सोडायला लावलं.

सरांनी फळ्यावर मर्ढेकरांची ओळ लिहिली, ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’, आणि मात्रा मोजायला लावल्या: लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घाची दोन. चार, चार, चार, चार. सोळा. तिच्याखाली केशवसुतांची ‘एक तुतारी द्या मज आणुनि’. तीही सोळाच. दोन्ही पादाकुलक, म्हणजे सोळा मात्रांचं वृत्त! १८९३ची तुतारी आणि १९४७च्या ‘काही कविता’ या मर्ढेकरांच्या संग्रहातले उंदीर आम्ही एकाच ठेक्यावर म्हटले. तुतारीला दिलेल्या टाळ्याच उंदरांना देताना हात जड झाला.

उंदरांच्या कवितेतल्या दुसऱ्या ओळीवर, ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’वर तर अर्धा तास गेला, आणि तोच सगळ्यात मोलाचा. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा नियम डोळे मिटून लावला तर ‘ड’ आणि ‘ळ’ गुरू होतात, ओळ अठरा मात्रांवर जाते. पण मोठ्याने म्हणून बघा, ‘ल्या’चा आघात मागच्या अक्षरावर येतच नाही. दोन्ही लघू. चौथ्या ओळीतल्या ‘आसक्तीविण’मध्ये मात्र ‘क्ती’चा धक्का ‘स’ला बसतो, तो गुरू. कान आधी, नियम मागून, हे इतकं स्वच्छ मला कुणी दाखवलं नव्हतं.

यमकाचं सरांनी घाईत उरकलं. दुसऱ्या-चौथ्या ओळींत ‘विण’ येतं, पण त्याआधीचे ‘ल्या’ आणि ‘क्ती’ जुळत नाहीत. ओळी जुळतात त्या फक्त ‘विण’वर, नसण्यावर. मला तरी त्या कडव्याचा जीव तिथेच वाटतो. यावर बोलायला हवं होतं.

दुसरा रविवार फिका. कवी अनिलांच्या मुक्तछंदाला, म्हणजे ठरलेल्या मात्रांचं बंधन नसलेल्या रचनेला, जेमतेम वीस मिनिटं मिळाली, हे फारच कमी.

आणि वाटलेली झेरॉक्स! त्यात कुणीतरी ‘उंदिर’ सुधारून ‘उंदीर’ केलं होतं. आजच्या शुद्धलेखनाने बरोबर, पण मात्रा सतरा. निम्मे जण तिथेच अडले. शिकवणाऱ्यांनी जरूर जावं, सहाशे रुपये जास्त नाहीत. पण ‘काही कविता’ सोबत न्या. आम्हा पंधरा जणांत एकच प्रत होती, दिवसभर ती हातोहात फिरत होती.