थिंबलवरचं ग्राउंड: गिटारची वायरिंग बदलल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात माझ्या स्वस्तातल्या स्ट्रॅट कॉपीची (फेंडर स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची नक्कल) सगळी वायरिंग काढून नवीन केली. आता दिवाळी आली. मधल्या काळात गिटार रोज वाजतेय, पावसाळाही खाऊन झालाय, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही हे आता सांगता येईल.

मूळ दुखणं मागच्या झाकणाखाली होतं. ट्रेमोलोच्या (सूर हलवणाऱ्या दांडीच्या) स्प्रिंगा ज्या पट्टीत अडकतात (क्लॉ), तिला ग्राउंडच्या वायरचा (तारांना जॅकच्या बाहेरच्या भागाशी जोडणाऱ्या) कच्चा डाग, म्हणजे कथलाचा जोड होता, तो निसटला. मग तारांना हात लावा, नका लावू, अॅम्पमधून घूं आवाज चालूच. क्लॉ म्हणजे जाड लोखंड, सगळी उष्णता पिऊन टाकतं. घरातल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील त्यावर नुसतं गोळी होऊन बसतं, धरत नाही. ६० वॅटचं आयर्न असेल तर खुशाल डाग मारा. नसेल तर पुण्याच्या तापकीर गल्लीत इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात गोल थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची भोकाची धातूची चकती) मिळतं, किंमत किरकोळ. वायर थिंबलमध्ये दाबायची, वर थोडं कथील सोडायचं, आणि क्लॉचा स्क्रू सैल करून त्याच्या डोक्याखाली थिंबल बसवायचं. सोबत दातेरी वॉशर हवाच. त्याचे दात प्लेटिंग खरवडून आतल्या धातूला भिडतात. काळा रंग दिलेला क्लॉ असेल तर तेवढी जागा आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर स्क्रू कितीही आवळा, रंग आडवा येणारच.

एक गैरसोय आहे. स्प्रिंगांचा ताण याच स्क्रूने बदलतो. स्क्रू फिरला की थिंबलही फिरू पाहतं आणि वायर पिळवटते. पकडीने थिंबल धरून ठेवायचं, वायरला थोडी ढील द्यायची. एवढं सांभाळलं तर जोड हलत नाही. मल्टिमीटरचा एक प्रोब तारेवर, दुसरा जॅकच्या (केबल लावायच्या जागेच्या) बाहेरच्या भागावर लावला की आजही बीप येते आणि रीडिंग एक ओहमच्या आसपास. माझ्या मते हा जुगाड कायमचा.

पिकगार्डखाली (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) शिल्डिंगसाठी, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवायला लावलेल्या स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलला मात्र पास करता येत नाही. त्यावर साधं कथील धरत नाही, म्हणून जोड फक्त दाबावर. ऑगस्टच्या दमट हवेत कडा सुटल्या आणि पॉट (आवाजाची खुंटी) फिरवताना खरखर सुरू झाली. तांब्याची टेप घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी. फक्त तिचा गोंद वीज वाहू देतो ना ते विचारा. नसेल तर जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे बारीक डाग द्या.

आता अपेक्षांबद्दल. हे सगळं करूनही सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारा, एकाच वेटोळ्याचा) पूर्ण गप्प बसत नाही. टेप विद्युत क्षेत्र अडवते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्झची घूं तिला दाद देत नाही. अॅम्पसमोर उभं राहून गिटार थोडी फिरवली की घूं कमी-जास्त होते, ती हीच. मधला पिकअप उलट वळणाचा आणि उलट ध्रुवांचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ती जवळजवळ जाते. माझ्या गिटारमध्ये तसा नाही. हात लावल्यावर आवाज कमी होण्याऐवजी वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्यात, तिथे आधी बघा.

पेठांतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: आमच्याकडे एका खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. घूं घालवायला अॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कापा असं सांगणारे महाभाग भेटतात. गिटारच्या तारा केबलमधून थेट अॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अॅम्पमध्ये काही बिघडलं तर तो करंट तुमच्या बोटांत. वायरमन बोलवून अर्थिंग करून घ्या, मग गिटार उघडा.

जॅकचा नट तेवढा अजून सैल होतो. तिथेही दातेरी वॉशर टाकायचाय, पुढच्या वेळी तारा बदलेन तेव्हा.