ॲक्सेंट-कलर : फुकटातला रंगारी, आणि त्याला न जमणारी कामं

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका काकूंचा दिवाळीच्या फराळाचा ऑनलाइन फॉर्म मी सांभाळते. पदार्थांच्या यादीसमोर चौकोन (चेकबॉक्स), घरपोच हवं की स्वतः नेणार यासाठी गोल (रेडिओ बटण), आणि तिखटासाठी आणखी तीन गोल: कमी, मध्यम, इंदुरी. बस, इतकाच पसारा. तरी वेब फॉर्मांवरच पोट भरत असल्यामुळे खात्रीने सांगते, गिऱ्हाईक अडतं ते पत्त्याच्या रकान्यात नाही, या चौकोन-गोलांपाशीच अडतं. आणि फॉर्मचा मालक रुसतो तोही त्यांच्यावरच. काकूंचं म्हणणं होतं, "अगं, सगळं पान कुंकवाच्या रंगाचं आणि मधेच हा निळा टिक कशाला? बँकेचा कागद वाटतो."

यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे सीएसएसमधला, म्हणजे वेबपानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतला, ॲक्सेंट-कलर. ऑगस्ट २०२१मध्ये क्रोम ९३बरोबर तो आला, सप्टेंबरात फायरफॉक्स ९२ने घेतला आणि मार्च २०२२मध्ये सफारी १५.४ने. म्हणजे आज ज्यांच्या फोनवर फॉर्म उघडतो, त्यातल्या बहुतेकांकडे तो चालतो. ज्यांचा ब्राउझर जुना आहे त्यांना निळा टिक दिसतो; ऑर्डर मात्र जाते. माझ्या लेखी हाच त्याचा मोठा गुण. न चालला तरी काही मोडत नाही.

काम एका ओळीचं. फॉर्मला एक रंग सांगायचा. चौकोन, गोल, सरकपट्टी (स्लायडर) आणि प्रगतिपट्टी (प्रोग्रेस बार) हे चार जण तो रंग उचलतात. बाकी कुणाला तो लागू होत नाही. आतली गंमत अशी की टिकचा रंग आपण सांगायचाच नाही, तो ब्राउझर ठरवतो. मी आधी गडद कुंकवाचा रंग दिला, टिक पांढरा उमटला. मग काकूंच्या हट्टाखातर हळदीचा पिवळा दिला, तर क्रोमने आपणहून टिक काळपट केला, कारण पिवळ्यावर पांढरं दिसलंच नसतं. एवढी अक्कल पैसे घेणाऱ्या डिझायनरकडेही नेहमी नसते.

आता उणी बाजू. हा रंगारी फक्त निवडलेल्या खुणेला रंग लावतो. रिकाम्या चौकोनाची करडी कड तशीच राहते, कोपरे गोल होत नाहीत, टिकचा आकार बदलत नाही. क्रोममध्ये रुंदी-उंची देऊन चौकोन मोठा करता येतो, पण ते ॲक्सेंट-कलरचं श्रेय नव्हे. ज्यांना "आमच्या ब्रँडसारखा" चौकोन हवा असतो, त्यांचं यावर भागणार नाही. काकूंचं भागलं.

माझ्याकडे येण्याआधी हाच फॉर्म दुसऱ्या कुणीतरी केला होता, एक जेक्वेरी प्लगइन, म्हणजे जावास्क्रिप्टचा (पान हलतं-बोलतं करणाऱ्या भाषेचा) तयार जोडतुकडा लावून. प्लगइनचं नाव घेत नाही, कारण ही खोड त्या काळच्या बऱ्याच प्लगइनांची. मूळ इनपुट, म्हणजे ब्राउझरचा खरा चौकोन, 'डिस्प्ले नन' या सीएसएस सूचनेने गायब करायचा आणि त्याजागी चित्र लावलेला एक डिव्ह, म्हणजे साधा रिकामा डबा, उभा करायचा. दिसायला देखणं. पण डिस्प्ले ननने लपवलेल्या इनपुटावर टॅब दाबून जाता येत नाही आणि अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही ते सापडत नाही. काका बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर कीबोर्डवर काम केलेले. माउसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. फोनवर आलेल्या ऑर्डरी तेच भरायचे. नावावरून टॅब दाबला की कर्सर थेट शेवटच्या बटणावर. चकली, अनारसे, कडबोळी सगळं मागे पडलेलं. "हे काय, फराळाच्या फॉर्मात फराळच नाही!" असं ते म्हणाले, आणि खरंच होतं ते.

दुसरा ताप त्याहून बेरकी. "फॉर्म पुसा" बटण दाबलं की मूळ चौकोन रिकामे व्हायचे, पण वरची चित्रं टिक दाखवतच राहायची. कोडमधून एखादा चौकोन निवडला किंवा पुसला की 'चेंज' ही घटना, म्हणजे निवड बदलल्याची सूचना, ब्राउझर पाठवतच नाही. ती फक्त माणसाने हात लावल्यावर येते. त्यामुळे चित्राला पत्ता लागत नाही. काकूंच्या वहीत आणि पडद्यावर दोन वेगळ्या ऑर्डरी, आणि भाऊबीज तोंडावर. प्लगइन काढून टाकलं, मूळ चौकोन जागेवर आणले, ॲक्सेंट-कलर लावला. काकांचा टॅब सरळ चालायला लागला. स्पेस दाबला की टिक, परत स्पेस की टिक गायब. गोलांच्या गटात टॅब एकदाच शिरतो आणि आत बाणाच्या कळांनी फिरायचं, हेही त्यांना न शिकवता जमलं. ही सगळी वागणूक ब्राउझर फुकट देतो आणि आपण ती चित्रापायी फेकून देतो.

जिथे खरोखर वेगळं रूप हवं होतं, तिथे मी दुसरा मार्ग धरला. घरपोच, स्वतः नेणार, बाहेरगावी कुरिअर हे तीन पर्याय काकूंना मोठ्या पाट्यांसारखे हवे होते, बोट कुठेही पडलं तरी लागावं असे. तिथे गोल लपवला, पण डिस्प्ले ननने नाही. तो लेबलच्या, म्हणजे त्याच्या नावाच्या पाटीच्या, आतच ठेवला, पूर्ण पाटीवर पसरला आणि अपारदर्शकता शून्य केली. दिसत नाही, पण असतो. निवडलेली पाटी रंगवायला आता जावास्क्रिप्ट लागत नाही. ':हॅज' हा सीएसएसमधला सिलेक्टर (कुणाला रंगवायचं ते निवडणारा) लेबलला विचारतो, तुझ्या पोटातला गोल निवडलाय का, आणि हो असेल तर रंग देतो. सफारीत तो मार्च २०२२पासून, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टपासून आहे. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३पर्यंत वाट पाहायला लावली. एक मात्र विसरायचं नाही. गोल अदृश्य झाला की त्याच्याभोवतीची फोकसची कडही, म्हणजे टॅब कुठे आहे ते दाखवणारी रेघ, दिसेनाशी होते, ती पाटीला हाताने द्यावी लागते. नाहीतर काका परत फोन करतील.

लेबलबद्दल एवढंच: ते आपापल्या चौकोन-गोलाशी बांधा. शब्दावर बोट ठेवलं तरी टिक लागली पाहिजे. डब्ल्यूसीएजी २.२ या सर्वांना वापरता येईल अशा वेबपानांच्या नियमावलीत ऑक्टोबर २०२३पासून दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल धरला आहे, आणि तुपाच्या बोटांनी फोन धरणाऱ्यांना तोही कमीच पडतो.

रंगरूप झालं, पण मागण्या थांबल्या नाहीत, आणि त्या वागणुकीच्या होत्या. तिथे ॲक्सेंट-कलर कुचकामी, आणि त्याने तसा दावाही केलेला नाही. "सगळा फराळ" असा एक वरचा चौकोन हवा, खालचे सगळे नव्हे, थोडेच निवडले तर त्यात आडवी रेघ दिसावी. ही रेघ एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर-सांगाडा लिहायच्या भाषेत) लिहून येत नाही, जावास्क्रिप्टनेच लावावी लागते, आणि ती निव्वळ दिखाऊ असते. फॉर्म पाठवताना टिक आहे की नाही एवढंच जातं, रेघ जात नाही. रंग मात्र तिलाही ॲक्सेंट-कलरचाच मिळतो, हे बरं.

"एक तरी पदार्थ निवडायलाच हवा" ही मागणी तर हक्काची होती, आणि ब्राउझरकडे तिचं उत्तर नाही. गोलांच्या गटात एकाला 'रिक्वायर्ड' (सक्तीचं) असा शब्द लावलं की गटाचं भागतं. चौकोनांना लावलं तर तोच एक चौकोन सक्तीचा होतो, म्हणजे प्रत्येकाने अनारसे घेतलेच पाहिजेत. मग आपला संदेश दाखवून फॉर्म अडवणारी 'सेट कस्टम व्हॅलिडिटी' ही जावास्क्रिप्टची सोय वापरून तो मराठीत लिहिला: "अहो, काहीतरी घ्या की!" काकूंचे शब्द. पदार्थ निवडल्यावर तो संदेश रिकामा करायला लागतो, नाहीतर फॉर्म जन्मात पुढे जात नाही.

तिखटाच्या गोलांवर परत बोट मारलं की निवड निघून जावी, ही मागणी मी सरळ नाकारली. रेडिओ बटणाचा तो स्वभाव नाही. एकदा निवडलं की फक्त दुसरं निवडता येतं. तो बदलला तर बाकीच्या सगळ्या फॉर्मांवर शिकलेला हात इथे चुकेल. त्याऐवजी चौथा गोल दिला: "काकू ठरवतील". सगळ्यात जास्त तोच निवडला जातो, असं काकू अभिमानाने सांगतात.

"साखर कमी" या चौकोनाची तऱ्हा आणखी वेगळी. टिक नसलेला चौकोन फॉर्मबरोबर जातच नाही, "नाही" असंही जात नाही. यादीत ती जागा कोरी दिसायची आणि काकू विचारायच्या, "यांना विचारायचं राहिलं का गं?" त्याच नावाचं एक लपलेलं इनपुट "नाही" घालून चौकोनाच्या आधी ठेवलं. आमचा सर्व्हर पीएचपी या भाषेवर चालतो, तिथे एका नावाच्या दोन किमती आल्या तर शेवटची धरतात, म्हणून टिक असेल तेव्हा "हो" जिंकतो.

काकूंच्या भाच्याने मधेच एक व्यापारी कल्पना काढली. भेटीच्या डब्याचा चौकोन आधीच टिक करून ठेवायचा, ज्याला नको तो काढेल. मी त्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ची डार्क पॅटर्नविषयीची मार्गदर्शक तत्त्वं दाखवली. तिथल्या १३ प्रकारांत 'बास्केट स्नीकिंग' आहेच, गिऱ्हाईकाला न विचारता पैसे लागणारी वस्तू टोपलीत सरकवणं. काकूंना वाचूनही दाखवावं लागलं नाही. "न मागता वाढलं तर पैसे कसे मागायचे?" म्हणून त्यांनीच विषय मिटवला.

तर ॲक्सेंट-कलरला माझे पाचपैकी चार. एक गुण कापला तो रिकाम्या कडेला हात न लावल्याबद्दल. फिकट पार्श्वभूमीवर ती करडी रेघ म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यासाठी 'अपिअरन्स नन' करून, म्हणजे ब्राउझरचं मूळ रूप पुसून, सगळा चौकोन नव्याने काढत बसणं जड जातं. तेही काम आता समोर आलंय, कारण काकूंना टिकच्या जागी स्वस्तिक हवंय. ते एसव्हीजी (रेषांचं चित्र) लावून होईल, विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसाठीच्या ठळक रंगांत, दिसेल एवढं पाहायला हवं. त्याचे पैसे वेगळे पडतील असं मी कळवलंय. काकूंनी कडबोळ्यांचा एक डबा देऊ केलाय, मी दोन म्हणतेय.